फळ पिकेपर्यंत नाव देऊ नका

आंबट चुक्याची भाजी खातच मी मोठी झाले. चुका म्हणजे रुमेक्स. त्यामुळे शिकायला स्कॉटलंडला आले तेव्हा चुक्याची तिथली भावंडं, म्हणजे ‘डॉक’, मला आपलीच वाटली. त्या आपलेपणात मी घाई केली.

जून महिना. नदीकाठच्या रस्त्यालगत छातीइतकं उंच डॉक दिसलं. पानं लांब, फुलोरा दाट. ‘नॉर्दर्न डॉक’, म्हणजे रुमेक्स लाँगिफोलियस, असं मी मनाशी म्हटलं. या जातीत फळाला वेढणाऱ्या तिन्ही परिदलांवर गाठ नसते. माझ्या झाडाच्या काही परिदलांवर मात्र बारीक गाठ होती. म्हणजे ही वेगळी उपजाती, असं मी ठरवूनच टाकलं. नमुन्याच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं आणि पुढचे तक्ते त्याच नावावर बांधले.

ऑगस्टमध्ये पुन्हा तिथे गेले. शेजारची डॉक फळांनी लगडून तपकिरी झाली होती. माझ्या झाडाची बहुतेक फळं न भरताच गळली होती. उरलेली लहानमोठी, वेडीवाकडी. खालची पानं आता नीट पाहिली, तर ती चांगलीच रुंद निघाली. वीस पावलांवर रुंद पानांचं रुमेक्स ऑब्ट्युसिफोलियस उभं होतं. माझं झाड या दोन जातींचा संकर होतं. डॉकचे पराग वाऱ्याने पसरतात, त्यामुळे दोन जाती शेजारी वाढल्या की संकर होतो. सगळे तक्ते मला पुन्हा करावे लागले.

म्हणून सांगते, पिकलेलं फळ हाती आल्याशिवाय डॉकला नाव देऊ नका. एकाच फळावर विसंबू नका. फुलोऱ्याच्या वेगवेगळ्या भागांतली फळं भिंगाखाली पाहा. तिन्ही परिदलांच्या गाठी मोजा, कडेचे दात पाहा. बुंध्याजवळचं पान नमुन्यात ठेवाच. वरच्या पानांवरून जात कळत नाही. फळं पोकळ असतील, तर आधी संकराचा संशय घ्या आणि आसपास कोणती डॉक आहेत ते लिहून ठेवा.

उपजातीसाठी तर जागाही पाहावी लागते. ब्रिटनमध्ये रुमेक्स क्रिस्पसच्या तीन उपजाती मानतात. शेतात, रस्त्याकडेला वाढणाऱ्या क्रिस्पसची एक गाठ मोठी, बाकीच्या लहान किंवा नसलेल्या. समुद्रकाठच्या गोट्यांत वाढणाऱ्या लिटोरियसच्या तिन्ही गाठी जवळपास सारख्या, फुलोरा दाट. भरतीचं पाणी येतं त्या खाडीच्या चिखलातल्या युलिजिनोससचा फुलोरा विरळ. एकुलत्या झाडावरून हा निवाडा करू नये; त्या जागेवरची दहावीस झाडं एकच खूण दाखवतात का, ते आधी पाहावं.

एवढं करूनही खात्री नसेल, तर चिठ्ठीवर फक्त ‘रुमेक्स’ लिहा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये परत जा. अर्धवट नाव पुढे पूर्ण करता येतं; चुकीचं नाव मात्र तुमच्या नोंदीवर विसंबणाऱ्या प्रत्येकाला चुकवतं.