अणुभट्टी पाहायला नव्हे, वापरायला

"सर, हिला अणुभट्टीवर संशोधन करायचंय. भट्टी असलेलं कॉलेज महाराष्ट्रात कुठलं?" लातूरहून आलेल्या एका वडिलांनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. मुलगी बीएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांच्या पिशवीत कुठल्याशा खासगी विद्यापीठाचं चकचकीत माहितीपत्रक होतं आणि त्यावरचा फीचा आकडा पेनाने दोनदा गोल केलेला होता.

उत्तर सरळ आहे. असं कॉलेज नाही. महाराष्ट्रातच काय, भारतातल्या एकाही विद्यापीठाची स्वतःची अणुभट्टी नाही. वडिलांचा चेहरा उतरला, पण माझ्या मते हीच खरी कामाची माहिती आहे. कारण भट्टी विद्यापीठाची नसली, तरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ती वापरता येते.

ही कल्पना आपलीच आहे असं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने १९५३ मध्ये स्वतःची भट्टी सुरू केली. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात तर पदवीची पोरं रीतसर परवाना काढून भट्टी चालवतात, आणि त्यांत साहित्य-इतिहास शिकणारेही असतात. पण दर कॉलेजाने भट्टी बांधणं कोणालाच परवडत नाही. म्हणून तिथल्या ऊर्जा खात्याने एक योजना आणली. भट्टी असलेल्या विद्यापीठांनी ती शेजारच्या कॉलेजांना आणि शाळांना शिकण्यासाठी खुली करायची, खर्चाचा भार खात्याने उचलायचा. पुढे नॉर्थ कॅरोलिनाच्या भट्टीवरचे प्रयोग इंटरनेटवरून थेट जॉर्डनच्या वर्गात पोहोचले.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी १९८९ मध्ये मिळून एक संस्था उभी केली. आज ती यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च या नावाने ओळखली जाते. मुख्यालय इंदूरला, आणि एक केंद्र मुंबईत, थेट भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात. विभागाची मोठी यंत्रं विद्यापीठांतल्या लोकांना वापरता यावीत, यासाठीच ती आहे. अशा यंत्रांत तुर्भ्याची 'ध्रुव' ही १०० मेगावॉटची अणुभट्टी येते. १९८५ पासूनची. प्राध्यापकाने प्रस्ताव पाठवायचा. मंजूर झाला, तर यंत्रावर वेळ मिळतो आणि प्रकल्पाला अनुदानही. रक्कम डोळे दिपवणारी नसते, पण जिल्ह्याच्या गावातल्या प्रयोगशाळेसाठी ती फार मोलाची असते.

वापरायची म्हणजे काय करायचं? बटणं दाबायची नसतात. भट्टीतून बाहेर येणारे न्यूट्रॉन आपल्या नमुन्यावर पाडायचे आणि ते कुठल्या कोनात विखुरतात ते मोजायचं, एवढंच. क्ष-किरणांना जड अणू ठळक दिसतात, हायड्रोजन किंवा लिथियमसारखे हलके अणू मात्र त्यांच्या गर्दीत हरवतात. न्यूट्रॉन त्यांनाही टिपतो, शिवाय पदार्थातलं चुंबकत्वही दाखवतो. बॅटरीच्या पदार्थांवर काम करणाऱ्यांना म्हणूनच तो हवा असतो.

यातला खरा घाम कॉलेजातच गळतो. क्ष-किरणांना चिमूटभर पूड पुरते, पण न्यूट्रॉनला काही ग्रॅम लागते, कारण तो पदार्थातून फारसा न अडखळता निघून जातो. म्हणजे अगेटच्या खलात तासन् तास घोटायचं, भट्टीत, इथे कॉलेजच्या विजेच्या भट्टीत, भाजायचं, पुन्हा घोटायचं. रंग जरा वेगळा आला की सगळं पहिल्यापासून. मग ती पूड व्हॅनेडियमच्या बोटभर नळकांडीत भरायची. व्हॅनेडियमच का? कारण त्याच्या स्वतःच्या रेघा आलेखात जवळपास उमटतच नाहीत. उरलेलं काम यंत्राचं, आणि ते तासन् तास चालतं.

आता आईवडिलांचा ठरलेला प्रश्न: किरणोत्साराचं काय? या क्षेत्रात नियमित काम करणाऱ्यासाठी आपल्या नियामक मंडळाने पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. सामान्य माणसासाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे. जमीन, हवा, अंतराळ यांतून जगभरच्या माणसाला निसर्गतःच सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, घरी बसूनसुद्धा. कामाच्या जागी छातीवर मापक बिल्ला लावतात आणि त्याची नोंद राहते. मला विचाराल तर, मुलं ज्या वेगाने दुचाकी चालवतात त्याची काळजी आधी करा.

नोकरीबद्दल मात्र गोड बोलणार नाही. जागा थोड्या आहेत. एमएससीच्या प्रकल्पासाठी ध्रुववर जायला मिळणं नशिबाचा भाग, खरं दार उघडतं ते पीएचडीला. पण वाटा एकापेक्षा जास्त आहेत. बारावीनंतर नेस्ट परीक्षा देऊन मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातल्या अणुऊर्जा विभागाच्या मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांचं एमएससी करता येतं. इंजिनिअर किंवा एमएससी झालेल्यांना भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय आहे, १९५७ पासून चालू असलेलं. तिथे मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनाही घेतात. त्यामुळे केवळ नावात न्यूक्लिअर आहे म्हणून लाखोंची फी भरू नका, हे माझं स्पष्ट मत. आणि एमएससी फिजिक्सनंतरचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा विसरू नका. कर्करोग रुग्णालयांत या माणसांची गरज असते, हे पालकांच्या कानावर क्वचितच येतं.

लातूरच्या मुलीला मी गृहपाठ दिला. न्यूट्रॉनच्या आलेखातून अणूंची मांडणी काढायची रीटवेल्ड पद्धत आजच शिकायला घे. फुलप्रॉफ हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. क्ष-किरणांच्या आलेखांनाही तीच पद्धत लागते, म्हणजे ध्रुवपर्यंत पोहोचली नाही तरी कष्ट वाया जात नाहीत.

वडिलांनी माहितीपत्रक पिशवीत परत ठेवलं आणि विचारलं, "मग अर्ज कुठे भरायचा?" इथेच बहुतेकांची गल्लत होते. हा अर्ज विद्यार्थ्याने भरायचा नसतो, प्राध्यापकाने भरायचा असतो. म्हणून एमएससीला किंवा पीएचडीला प्रवेश घेण्याआधी त्या विभागात जा आणि मार्गदर्शकांना एकच विचारा: "सर, मॅडम, तुम्ही कन्सॉर्शियमकडे कधी प्रस्ताव पाठवला आहे का?"