उंबऱ्याच्या आतली कचेरी

पोरी, परवा तू फोनवर म्हणालीस, "आत्या, पुण्याची नोकरी सोडली. आता तासगावला राहून घरूनच काम करणार. सकाळी चार तास कस्टमर केअरचे फोन, दुपारी लिखाण." ऐकून मला फार बरं वाटलं. मी १९९४ साली सांगलीत स्टँडजवळ एसटीडी बूथ चालवायला घेतला, तेव्हापासून फोनच्या आधाराने पोट भरलं. पुढे प्रूफं, भाषांतरं, ई-पुस्तकं, सगळं घरातल्या एकाच टेबलावर केलं. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ऑफिसात पगार काढणारा कारकून असतो, दारावर वॉचमन असतो, फायली लावणारा शिपाई असतो, सुट्टीची वेळ सांगणारं घड्याळ असतं. घरी ही सगळी माणसं आपणच व्हायची असतात. त्यांची कामं कशी करायची तेवढं लिहून पाठवते. तू घाईची आहेस, म्हणून थोडं थोडं वाच.

१. कामाची जागा एकच ठेव, मग ती खिडकीखालचं अर्धं टेबल का असेना — रोज जागा बदललीस तर तू कामात आहेस हे घरात कुणाला दिसत नाही, आणि दळण टाकायला तुलाच हाक येते.

२. कामाच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव आणि तुझ्या वहिनीला शेजारी बसवून समजाव — ती मुद्दाम मधे बोलत नाही, तिला कळतच नाही. घरात बसलेला माणूस साऱ्या गल्लीला मोकळा दिसतो.

३. वेळ संपली की लॅपटॉप मिटून त्यावर रुमाल टाक — उघडा लॅपटॉप म्हणजे उघडा चिवड्याचा डबा, येता-जाता हात जातोच. मग रात्री अकराला तू मेल बघत बसतेस आणि सकाळच्या शिफ्टला आवाज बसलेला असतो.

४. तुझ्या फीडरचा देखभालीचा वार कोणता ते वायरमनकाकांना विचारून ठेव, पुण्यात तो गुरुवार असायचा तसा — वीज गेली हे कारण घरच्यांना पटतं, शिफ्टच्या हजेरीला पटत नाही. राउटरला छोटा यूपीएस लाव आणि दुसऱ्या कंपनीचं सिम रिचार्ज करून जवळ ठेव.

५. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पंखा, कुकर आणि दाराची बेल या तिघांची सोय लाव — पलीकडच्या माणसाला तुझी खोली दिसत नाही, पण शिट्टी ऐकू येते, आणि तिथेच त्याचा विश्वास निम्मा होतो.

६. फोनवर आकडा घेताना सुटा सुटा म्हण: पाच, नऊ. "एकोणसाठ" म्हणू नकोस — एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी या तिघी बहिणी तारेवरून सारख्याच ऐकू येतात. बूथवर एका म्हातारीच्या मुलाचा मुंबईचा नंबर मी असाच चुकीचा लावला, तोही दोनदा. मीटरवर पल्स पडतच राहिली. ते पैसे मी गल्ल्यातून भरले, पण तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

७. काही शोधायला वेळ लागणार असेल तर "बघतेय, दोन मिनिटं लागतील" असं सांग आणि मधेमधे बोलत राहा — गप्प फोनमध्ये माणसाला आपण टाकले गेलो असं वाटतं.

८. कंपनीचा माल विकायचे फोन स्वतःच्या दहा आकडी नंबरावरून कधीही करू नकोस, कितीही आग्रह झाला तरी — जाहिरातीच्या फोनसाठी दूरसंचार नियामक ट्रायने १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. लोकांनी १९०९ वर तक्रार केली तर सिम तुझं बंद होतं, साहेबांचं नाही. डायलर कंपनीनेच द्यायला हवा.

९. ग्राहकाचा ओटीपी विचारू नकोस, त्याने आपणहून सांगितला तर थांबव, आणि त्याचा नंबर तुझ्या फोनमध्ये साठवू नकोस — उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर पहिला संशय शेवटच्या फोनवर जातो.

१०. पाणी कोमट पी, आणि दर तासाला उठून ओसरीपर्यंत चालून ये — मान आणि घसा या दोघांची नोकरी तुझ्याआधी संपते.

आता वॉचमनचं काम. हे मन लावून वाच, कारण घरून काम शोधणाऱ्याच्या दारात चांगली माणसं येण्याआधी ठग येतात.

११. काम देण्याआधी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेव, मग त्याला तो नोंदणी म्हणो, अनामत म्हणो की सॉफ्टवेअरची फी — पहिला रुपया मागणारा शेवटचा रुपया देत नाही. मी २०११ साली पानं टाइप करायच्या कामासाठी साडेतीन हजार भरले होते. कामही आलं नाही आणि पैसेही.

१२. "व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या" असं काम टेलिग्रामवर आलं तर त्यात शिरू नकोस — पहिले शंभर-दीडशे ते खरंच खात्यात टाकतात. ते आमिष असतं, पुढच्या "प्रीपेड टास्क"ला तुझे हजारो काढून घेण्यासाठी.

१३. डेटा एन्ट्रीच्या करारात "चुका ठरावीक टक्क्यांच्या वर गेल्या तर दंड" असं वाक्य दिसलं तर सही करू नकोस — काम मुद्दाम नापास करतात आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून घाबरवतात. अशी नोटीस आलीच तर पैसे भरू नकोस, रडू नकोस, दादाला सांग आणि मला फोन कर.

१४. "आमचे पैसे तुमच्या खात्यातून पुढे पाठवा, कमिशन घ्या" या कामाला हात लावू नकोस — चोरीचा पैसा तुझ्या खात्यातून गेला की पोलीस तुझ्या दारात येतात आणि खातं गोठतं, पगारासकट.

कारकुनाचं काम तुला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. शाळेतही हिशोबाच्या वहीत तू फुलं काढायचीस. पण हीच वही पुढे तुला सांभाळते.

१५. कामाचं वेगळं बँक खातं काढ — भाजीचे आणि कमाईचे पैसे एकाच डब्यात ठेवले की डबा नेहमी रिकामाच वाटतो.

१६. काम घेताना दर, तारीख आणि किती वेळा दुरुस्ती करून द्यायची हे लेखी घे, व्हॉट्सॲपवर का होईना — तोंडी ठरलेलं काम म्हणजे आभाळातलं पीक, कापायला गेलं की ढग निघतात.

१७. उद्यमची नोंदणी करून घे, आधार आणि पॅन असलं की सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते — कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणीचे पैसे मागणारा मधला माणूस भेटला तर अकरावा मुद्दा आठव.

१८. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला पॅन दे आणि कापलेला टीडीएस प्राप्तिकराच्या पोर्टलवर तपास — कामाप्रमाणे एक, दोन किंवा दहा टक्के कापतात, पॅन नसेल तर वीस. जास्तीचा कर विवरणपत्र भरलं तरच परत मिळतो. मी चार वर्षं भरलंच नाही, ते पैसे गेले ते गेलेच.

१९. दिवाळी अंकांच्या कामाचे पैसे एकदम आले की त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढ — ऑगस्ट ते ऑक्टोबर प्रूफं वाचायला डोळे पुरत नाहीत, आणि पौषात फोनसुद्धा वाजत नाही.

लिखाणाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. फोनचं काम या महिन्याचा किराणा देतं, पण तुझ्या नावावर जमा राहतं ते तू लिहिलेलं.

२०. जे टाइप करशील ते युनिकोडमध्ये कर, आणि "अर्धा र" नीट उमटतोय का ते बघ — जुन्या फॉन्टात केलेला मजकूर दुसऱ्या फोनवर उघडला की अगम्य अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि शोधणाऱ्याला तो सापडतच नाही.

२१. पुस्तक चढवण्याआधी घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, अंगणातल्या उन्हात उभी राहून वाच — तुझा वाचक बसमध्ये, शेताच्या बांधावर, बँकेच्या रांगेत वाचतो. मोठे परिच्छेद आणि बारीक अक्षर तिथेच उघडे पडतात.

२२. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं ठेवता येतात. तिथे ७० टक्के रॉयल्टीचा मोह झाला तर अट आधी वाच — भारतातल्या विक्रीवर ती हवी असेल तर त्यांच्या केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, प्रतिलिपीवर नाही आणि बुकगंगावरही नाही. नाही गेलीस तर ३५ टक्के. दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण निवड समजून कर. आणि महिना संपल्यावर पैसे यायला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा रॉयल्टीच्या भरवशावर हप्ता लावू नकोस.

२३. किंडलच्या कराच्या फॉर्ममध्ये पॅन नंबर न विसरता भर — अमेरिकेतल्या विक्रीवर भारताशी असलेल्या करारामुळे १५ टक्के कर कापतात, नंबर नसेल तर ३०. तुझे एडिसन आणि सॅन होजेचे मराठी वाचक पैसे देतील, ते अर्धवाटेत का सांडायचे?

२४. यूट्यूबसाठी घरचा पत्ता पिनकोडसकट बरोबर लिही आणि पोस्टमनकाकांना सांगून ठेव — जाहिरातीचे दहा डॉलर जमले की गूगल पिनचं पत्र साध्या टपालाने पाठवतं, आणि तो आकडा भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्याआधी १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहणं हा डोंगर चढायचा आहे. तो सावकाशच चढतात.

२५. आयएसबीएनसाठी कुणाला पैसे देऊ नकोस — आपल्या देशात तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि किंडलच्या ई-पुस्तकाला तर लागतही नाही.

२६. तू पुलंचे लेख वाचून यूट्यूबवर टाकणार म्हणत होतीस. आवाज तुझा गोड आहे, पण तसं करू नकोस, बाळा — आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि पुलं गेले २००० साली, म्हणजे २०६० च्या अखेरपर्यंत परवानगी हवी. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं लिखाण २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, तिथून सुरुवात कर.

२७. आणि हाच कायदा तुझ्या बाजूनेही उभा आहे, तो वापर. लेख किंवा कथा देताना किती वर्षांसाठी, कुठे कुठे आणि कोणत्या रूपात, हे लिहून घे — काहीच लिहिलं नसेल तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरतो. पण "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ तू न वाचता सही केलीस तर तोही फारसं काही करू शकत नाही. माझी एक भाषांतरित कादंबरी अशीच गेली. ऑडिओ निघाला, लोकांनी कौतुक केलं, मला दमडी मिळाली नाही, कारण सही माझी होती.

२८. दर शनिवारी सगळं लिखाण दोन ठिकाणी साठव, त्यातलं एक घराबाहेर — २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना लागलं. लॅपटॉप खालच्या खोलीतल्या कपाटात, आणि बॅकअपची डिस्कही त्याच कपाटात, वरच्या फळीऐवजी खालच्या. दोन वर्षांची पानं चिखलात गेली. वाचलं ते तेवढंच, जे मी सहज म्हणून तुझ्या बाबांना मेलवर पाठवलं होतं. तुझा मेल आहे, माझा आहे, आणखी कुणाचा लागला तर सांग.

२९. कुणी वाईट लिहिलं, कुणी फोनवर ओरडलं, तर उत्तर द्यायच्या आधी चहा टाक — आधण येईपर्यंत राग उतरतो, आणि चहा झालेला असतोच.

आज एवढंच कर. वहिनीशी बोलून तो वेळांचा कागद फ्रिजवर लाव, आणि मोबाईलमध्ये १९३० हा नंबर "सायबर मदत" म्हणून साठव. फसवणूक झाली तर लाजत न बसता पहिल्या तासातच तो फिरव, म्हणजे पैसे पुढे जायच्या आधी अडवता येतात. त्याच्याखाली माझा नंबर आहेच, तो रात्रीही लागतो.