घरच्या इंटरनेट जोडणीतील दोष कसा शोधावा

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत यंत्र बंद पडले म्हणजे कुशल जोडारी ते एकदम उकलीत बसत नाही. वीज येते काय, पट्टा फिरतो काय, असे एकेक पाहून तो आधी दोषाची जागा निश्चित करतो. पाना त्यानंतर हाती घेतो. घरी संगणकावरील इंटरनेट बंद पडल्यास शिक्षकानेही हाच क्रम ठेवावा. शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे व विद्यार्थ्यांच्या नोंदी आता संगणकावरूनच पाठवाव्या लागतात. मुदतीच्या अखेरच्या सायंकाळी जोडणी तुटली आणि दोष उमगला नाही, तर खरी हानी ज्या मुलाचे नाव राहिले त्याची होते.

संगणक, राउटर, बाहेरून येणारी तार व पलीकडचे जाळे अशा चार कड्यांची ही साखळी आहे. तुटलेली कडी कोणती, एवढेच ठरवावयाचे असते.

पहिली पायरी. मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायला जोडावा. त्यावर इंटरनेट चालल्यास राउटर व तार निर्दोष असून दोष संगणकात आहे. दोन्ही बंद असल्यास तो राउटरमध्ये वा त्यापलीकडे आहे.

दुसरी पायरी. राउटरचे दिवे पाहावेत. एकही दिवा नसेल तर वीज तपासावी. काचतंतूच्या जोडणीत 'लॉस' हा दिवा तांबडा असल्यास प्रकाशसंकेत घरापर्यंत पोचत नाही. कंपनीस तसे कळवावे. तंतू मुडपू नये व त्याच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील किरण अदृश्य असले तरी डोळ्यास अपाय करू शकतात.

तिसरी पायरी. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. मागील बारीक छिद्रातील 'रिसेट' कळ मात्र दाबू नये; तिने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते.

चौथी पायरी. संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, किंवा वायफाय तोडून नव्याने जोडावे.

पाचवी पायरी. 'पिंग' या आदेशाने ८.८.८.८ या पत्त्यास हाक द्यावी. उत्तर येते पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे झाल्यास तार शाबूत आहे. नावावरून पत्ता शोधून देणारी 'डीएनएस' व्यवस्था अडली आहे असे बहुधा समजावे.

सहावी पायरी. संगणकावरील दिनांक पाहावा. मे महिन्याच्या सुटीत बंद राहिलेल्या जुन्या संगणकातील लहान बटणासारखा सेल संपतो आणि घड्याळ मागे जाते. मग संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या दिनांकास ग्राह्य ठरत नाही व ते उघडत नाही. दिनांक दुरुस्त करताच काम चालू होते. तारेचा तेथे काही दोष नसतो.

एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहून वहीत नोंद करावी. चार बदल एकदम केल्यास जोडणी सुरू होईलही, परंतु दोष कोणता होता हे कळणार नाही.

स्वाध्याय
१. मोबाइलवर इंटरनेट चालते, संगणकावर नाही. दोष कोणत्या कडीत?
२. 'पिंग'ला उत्तर येते, संकेतस्थळ उघडत नाही. संभाव्य कारणे दोन सांगा.
३. सेल, तार व दिवा यांच्या मंडलातील दोष शोधण्याचा प्रयोग याच क्रमाने मुलांकडून करवून घ्या.