थंडीपेक्षा ओल वाईट

सोलापूरकराला भय उन्हाचं, थंडीचं नाही. डिसेंबरात कळसूबाईला निघालेल्या आमच्या गटातल्या बहुतेकांच्या अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स होती, सॅकमध्ये सोलापुरी चादर. बारी गावात उतरलो तेव्हाच आभाळ भरलेलं होतं. पण रात्रभर प्रवास करून आलेल्यांना ‘परत फिरू’ म्हणणं जड जातं. ‘एवढ्या लांबून आलोय’ म्हणत सगळे चढू लागले.

अवकाळीची रिमझिम होती, वर वारा. चालत होतो तोवर कुणाला काही जाणवलं नाही. घात झाला लोखंडी शिड्यांपाशी. निसरड्या शिडीवर एकेकाने चढायचं आणि बाकीच्यांनी ओल्या कपड्यांनी वाऱ्यात ताटकळायचं. त्या रांगेत आमच्यातली एक मुलगी आधी कुडकुडत होती, मग गप्प झाली. शेजारच्याला वाटलं, तिला आता बरं वाटतंय. प्रत्यक्षात तिची जीभ जड झाली होती, जर्किनची चेन तिला लावता येत नव्हती. गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं असं थांबलं, तर तो धोक्याचा इशारा समजा.

तिथूनच सगळे मागे फिरलो. मैत्रिणींनी आडोसा करून तिचे ओले कपडे बदलले, कोरडा स्वेटर आणि कानटोपी घातली. ओला खडक अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून सॅकवर बसवलं. ती शुद्धीत होती, नीट गिळत होती, म्हणून थर्मासमधला गोड चहा घोट-घोट दिला. हातपाय चोळू दिले नाहीत. अशा वेळी चोळण्याने अपायच होतो.

नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. ऑगस्ट 2023 मध्ये, हिवाळा नसताना, हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातला एक जण गारठून दगावला. डिसेंबर 2021 च्या अवकाळीत जुन्नर-पारनेरकडे शेकडो मेंढ्या मेल्या, अंगावर लोकर असूनही! त्यात कळसूबाईचा 1646 मीटरचा माथा सोलापूरपेक्षा सुमारे बाराशे मीटर उंच, म्हणजे निव्वळ उंचीमुळेच सात-आठ अंशांचा फरक.

सुती कपडे आणि चादर गाडीतच ठेवा. लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे घाला, वरून पावसाचं जर्किन, आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ खिशात असू द्या; भुकेलं शरीर लवकर गारठतं. रांगेत सर्वांत शेवटी अनुभवी माणूस ठेवा. कोणत्या वेळेला, कशा हवेत मागे फिरायचं, हे सोलापूर सोडण्याआधीच सगळ्यांदेखत ठरवा. कुणी गारठलाच, तर त्याला एकट्याने खाली पाठवू नका. दोघे सोबत द्या, गावात निरोप धाडा आणि रेंज मिळताच 112 ला फोन करा.