दोन कोठारे



पैसे साठवणे ख्रिस्ती माणसाला शोभते का, असा प्रश्न आपल्याला कधी कधी पडतो. पवित्र शास्त्रात दोन कोठारे आहेत. योसेफाने सुकाळाच्या 7 वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला (उत्पत्ती 41). लूकच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंतानेही साठवण्याचे ठरवले (लूक 12:16-21). पहिला शहाणा ठरला, दुसरा मूर्ख. असे का?

दुष्काळ पडताच योसेफाने कोठारांची दारे उघडली. श्रीमंताच्या बोलण्यात मात्र शेजारी नाही, मजूर नाही, देवही नाही, सारे 'माझे'. चौथ्या शतकात संत बेसिल यांनी याच दाखल्यावर प्रवचन दिले आणि दुष्काळात भुकेलेल्यांच्या जेवणाची सोयही केली. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की मालमत्ता स्वतःची असू शकते, पण तिचा वापर सर्वांच्या गरजा ओळखून व्हावा.

म्हणून मुलांचे शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांसाठी पैसे बाजूला काढणे ही आपली जबाबदारीच आहे. परंतु बँकेत मुदत ठेव असताना शेजारचा रुग्ण औषधाविना राहिला, तर आपल्या कोठाराला दारच नाही.

'उरले तर देऊ' म्हटले की सहसा काही उरत नाही. गरीब विधवेची दोन नाणी उरलेली नव्हती (मार्क 12:41-44). या आठवड्यात रोझरीनंतर घरात सर्वांनी मिळून ठरवू या : बचत किती आणि गरजूंचा वाटा किती? दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहू या.