सोबत्याच्या हातात तक्ता नको

चाकणच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटीत होतो, तिथे कामगारांना मानसिक आधार देण्यासाठी सोबत्यांची योजना निघाली. आजारातून सावरलेल्या काही जणांनी बाकीच्यांचं ऐकून घ्यायचं, एवढीच कल्पना. मला बायपोलर आहे हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पहिल्याच यादीत माझं नाव आलं आणि मी ते आनंदाने राहू दिलं. ती योजना वर्षभरही चालली नाही. ती का बुडाली हे सांगायलाच हवं, कारण अशा योजना आता इतरत्रही निघताहेत आणि त्या टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आधी सोबती काय देऊ शकतो ते सांगतो. लिथियम सुरू झाल्यावर माझ्या हाताला कंप सुटला. मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेणाऱ्याचा हात थरथरायला लागला, तर पोटावरच पाय येतो. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मशीन शॉपमध्ये त्यावर उपाय काय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? तो मला पुण्यातल्या स्वमदत गटात मिळाला. तिथे एक निवृत्तीला आलेले टर्नर यायचे, तेही लिथियमवरच. म्हणाले, "अरे, मायक्रोमीटर हातात कशाला धरतोस? स्टँडला लाव. आणि थिंबल आवळू नकोस, मागचा रॅचेट फिरव. तो टिकटिकला की दाब नेमका बसला समज. मग हात हलेना का." माझी मापं जुळायला लागली. त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. भट्टीजवळ घाम गेला आणि पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही वाढू शकतं. कारखान्याच्या दवाखान्यात कंबर दुखते म्हटलं की नेमकी तसलीच गोळी हातावर पडते. "तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, मी लिथियमवर आहे. पण डोस किती घ्यायचा ते मला विचारू नकोस. ते तुझ्या डॉक्टरांना विचार." हे शेवटचं वाक्य बोलू शकतो, तोच माणूस सोबती व्हायच्या लायकीचा, असं माझं मत आहे.

अशा आधाराची आपल्याकडे परंपरा आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्या आजारपणाचा अनुभव गाठीशी घेऊन 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगणात तर व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढच्यांना हात देतात. पण अशा गटात बसणाऱ्याची पगारवाढ, पाळी, बदली यांतलं काहीच समोरच्याच्या हातात नसतं. कारखान्यात ते सगळं एका जिन्यावर, वरच्या केबिनमध्ये असतं. फरक इथेच पडतो.

आमच्याकडे सोबत्यांना दर महिन्याला एचआरला एक तक्ता भरून द्यावा लागे. त्यात टोकन नंबरचा, म्हणजे कामगाराच्या ओळख क्रमांकाचा रकाना होता. मी तो रिकामा सोडायचो, आणि त्यावरून मला बोलावणंही आलं. दुसऱ्या एका सोबत्याने तो भरला, अगदी चांगल्या हेतूने. रात्रपाळीच्या चहाला एक क्रेन ऑपरेटर त्याच्यापाशी बोलला होता: झोप उडाली आहे, डोक्यात विचार थांबत नाहीत, औषध सुरू केलं आहे. पुढच्याच आठवड्यात त्या ऑपरेटरला स्टोअरमध्ये बसवलं. कुणी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. ओव्हरटाइम गेला आणि लाइनवर कुजबुज सुरू झाली. तो मला म्हणाला, "गोळी घेतली म्हणूनच ही वेळ आली ना?" आणि त्याने गोळ्या बंद केल्या. शेवटी त्याला दाखल करावं लागलं. त्यानंतर आमच्यापैकी कुणाहीजवळ कुणी येऊन बसेना.

व्यवस्थापनाची काळजी खोटी नव्हती. क्रेनला टनावारी लोखंड लटकत असतं आणि खाली माणसं काम करतात. पण तो निर्णय कारखान्याच्या डॉक्टरांनी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, त्या माणसाला समोर बसवून घ्यायचा असतो. जागरणाने असा आजार उसळू शकतो. त्या ऑपरेटरला रात्रपाळीऐवजी काही दिवस पहिली पाळी दिली असती तर कदाचित एवढ्यावरच भागलं असतं.

तुमच्याकडे अशी योजना येत असेल, तर सोबती व्हायला हो म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा: मी ऐकलेलं कुठे जाणार? उत्तर लेखी घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांवर घातलं आहे. चहाच्या कपावर ऐकणाऱ्या सहकाऱ्यावर त्याचं बंधन आहे असं धरून चालू नका, म्हणून नियम आपणच घालून घ्यायला हवा. आकडे द्या, किती जण भेटले तेवढेच. नाव, टोकन नंबर, खातं काही नको, कारण छोट्या खात्यात नुसत्या खात्यावरूनही माणूस ओळखू येतो. एक अपवाद मात्र बोलणं सुरू होण्याआधीच सांगा: जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, तुला सांगून मदत बोलावेन. तो सांगितला म्हणून बोलायचं टाळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सोबती एचआरने नेमू नयेत, कामगारांनी निवडावेत. सुपरवायझरने आपल्याच हाताखालच्यांचा सोबती होऊ नये, मग तो कितीही भला असो. बसायला जागा कँटीनमध्ये नको आणि केबिनच्या काचेसमोर तर नकोच.

आणि जो आजारी आहे त्याला सांगतो: सोबत्याला सांगणं आणि कंपनीला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपनीला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. सवलत हवी असेल तर आजाराची कहाणी सांगत बसू नका. काय हवं ते मागा: रात्रपाळी नको, रक्त तपासणीच्या दिवशी सकाळी दोन तास उशिरा येईन, पाण्याची बाटली मशीनजवळ ठेवू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. ते दाखवा असं म्हणायला कचरू नका. युनियनचा माणूस विश्वासाचा असेल तर अर्ज देताना त्याला बरोबर घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

मी आजही सोबती म्हणून बसतो, पण गेटबाहेर, सुट्टीच्या दिवशी, आणि एकटा नाही. आम्ही दोघं असतो, म्हणजे एकाची तब्येत बिघडली तर दुसरा सांभाळतो. रात्री दहानंतर माझा फोन बंद असतो, कारण माझी झोप मोडली तर मीच आजारी पडेन. नव्याने येणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत सांगतो आणि टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या फोनमध्ये तिथेच साठवायला लावतो. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.