पास काढला, मग हे पैसे कशाचे?

जन्मभर लोकलचा पास काढलेल्या मुंबईकराला ‘पास’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो: एकदा पैसे भरले की महिनाभर विषय संपला. डोंबिवलीहून सीएसएमटीला दिवसातून चार वेळा जा, कोणी हिशेब मागत नाही. हाच अर्थ मनात धरून आपण युरेल पास विकत घेतो. मग पॅरिसच्या स्टेशनावर कळतं की पास आहे हो, पण या गाडीत बसायचे माणशी आणखी तीस युरो.

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याच्या बहिणीच्या कुटुंबाचा प्रवास मी आखून दिला. नवरा-बायको आणि आठ नि दहा वर्षांची दोन मुलं. ॲमस्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंड, मिलान, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक लोक फिरतात तोच रस्ता. त्या निमित्तानं केलेली आकडेमोड इथे मांडतो. युरो शंभर रुपयांच्या वर गेला आहे, पण हिशेबाला सोपं म्हणून शंभरच धरू.

आधी पासाची किंमत. भारतातून जाणाऱ्याला युरेल मिळतो. इंटररेल नावाचा जुळा भाऊ आहे, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी. फ्रँकफर्ट किंवा लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला इंटररेलच घ्यावा लागतो आणि राहत्या देशात त्यावर फक्त जातानाचा एक नि येतानाचा एक असे दोनच प्रवास चालतात. सासू-सासरे भारतातून आलेले आणि मुलगा-सून तिथली असतील, तर एकाच घरात दोन वेगवेगळे पास काढावे लागतात, हे लक्षात ठेवा. ३३ देशांत चालणारा, एका महिन्यात कोणतेही सात दिवस वापरायचा, दुसऱ्या वर्गाचा ग्लोबल पास मोठ्या माणसाला ३८० युरोंच्या आसपास पडतो. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट आहे, सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्याहून बरीच जास्त. चार ते अकरा वयाची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट.

आता ३८० ला सातांनी भागा. पासाचा एक दिवस साधारण ५४ युरोंना, म्हणजे साडेपाच हजार रुपयांना पडला. हा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय याच काट्यावर तोलायचा आहे. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा हा तासाभराचा प्रवास. साध्या गाडीचं तिकीट दहा-बारा युरो. त्यावर पासाचा दिवस खर्च करणं म्हणजे पाचशेची नोट देऊन चहा पिणं आणि सुट्टे न मागणं. अशा जवळच्या उडीचं तिकीट वेगळं काढा आणि पासाचे दिवस लांबच्या पल्ल्याला ठेवा.

गळती मात्र दुसरीकडेच आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स या देशांत बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. पास दाखवा, रिकामी जागा दिसली की बसा. जर्मनीची वेगवान आयसीई असो की ऑस्ट्रियाची रेलजेट, आरक्षण हवं तर करा, नको तर नका करू. बर्लिन-प्राग, व्हिएन्ना-प्राग, व्हिएन्ना-बुडापेस्ट या सरहद्द ओलांडणाऱ्या गाड्यांचंही तसंच. पण फ्रान्स, इटली, स्पेन इथल्या वेगवान गाड्या, लंडन-पॅरिस-ब्रसेल्स-ॲमस्टरडॅम धावणारी युरोस्टार आणि रात्रीच्या झोपायच्या गाड्या यांना आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे पासात नसतात. इटलीच्या फ्रेच्चारोसाला देशातल्या देशात तेरा युरोंच्या आसपास लागतात. फ्रान्समधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना तीस किंवा त्याच्या पुढे-मागे. शिवाय पासवाल्यांसाठी जागांचा कोटा असतो. गाडी अर्धी रिकामी असली तरी कोटा संपला की संपला.

आणि मुलं? त्यांचा पास फुकट, आरक्षण नाही. बहिणीच्या चौघांचा हिशेब असा झाला: ॲमस्टरडॅम-पॅरिस युरोस्टार, पॅरिस-बाझेल टीजीव्ही लिरिया, झुरिक-मिलान युरोसिटी. पहिल्या दोन्ही तीस-तीस धरल्या, तिसरी तेरा. माणशी ७३, चौघांचे २९२ युरो. पास काढल्यानंतरचे एकोणतीस हजार रुपये! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

मसाला कमी करायची युक्ती युरोपात पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या पोरांना जुनीच ठाऊक आहे. सरहद्दीवरचं स्टेशन शोधायचं, तिथवर एका देशाच्या साध्या गाडीनं जायचं, उतरायचं आणि पुढे दुसऱ्या देशाची साधी गाडी पकडायची. आरक्षण लागतं ते थेट धावणाऱ्या बड्या गाडीला. पॅसेंजरला नाही.

सगळ्यात सोपा नमुना झुरिक ते मिलान. थेट युरोसिटीला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात आणि आरक्षण सक्तीचं. त्याऐवजी झुरिकहून लुगानोपर्यंत स्विस इंटरसिटीनं जा. तीही २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातूनच जाते. लुगानोला उतरून कियासोमार्गे मिलानला जाणारी टिलो कंपनीची आरई ८० ही साधी गाडी पकडा. एक गाडी बदलावी लागली आणि थोडा वेळ जास्त गेला, पण चौघांचे बावन्न युरो वाचले. हा मार्ग मी कोणालाही डोळे झाकून सुचवेन, आजी-आजोबांनासुद्धा.

पॅरिस ते बाझेलसाठी मन थोडं घट्ट करावं लागतं. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनातून ट्रॉयमार्गे म्युलूझला जाणारी साधी टीईआर गाडी आहे. आरक्षण नाही. म्युलूझहून बाझेलला दुसरी टीईआर अर्ध्या तासात पोचवते. टीजीव्हीनं तीन तास लागतात तिथे इकडे पाच तास धरा, शिवाय या गाड्या दिवसाला मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी बघून ठेवावं लागतं. चौघांचे एकशेवीस युरो वाचतात. बहिणीनं हा मार्ग घेतला. मुलं कंटाळली हे खरं, पण एकशेवीस युरोंत इंटरलाकेनला दोन वेळचं जेवण निघालं.

ॲमस्टरडॅम ते पॅरिस मात्र अर्धाच रस्ता फुकट करण्यासारखा आहे. ॲमस्टरडॅम-ब्रसेल्स युरोसिटी गाड्यांना आरक्षण नाही, बिनधास्त बसा. पुढे ब्रसेल्सहून टूर्ने, टूर्नेहून लिल, लिलहून आमियाँ, आमियाँहून पॅरिस असं साध्या गाड्यांनी पोचता येतं आणि सगळं पासात बसतं. मी कागदावर बसवूनही पाहिलं. पण दोन मोठ्या बॅगा, दोन मुलं आणि चार गाड्या बदलायच्या, एक चुकली की पुढची साखळीच तुटली. इथे तीस युरो मोजावेत, असं माझं मत. एकट्यादुकट्या तरुणानं खुशाल वाचवावेत.

फ्रान्स-स्पेनच्या सरहद्दीवर तर गंमतच आहे. भूमध्य समुद्राकाठी सेर्बेर आणि पोर्टबू ही दोन जोडस्टेशनं आहेत. फ्रेंच साधी गाडी पोर्टबूपर्यंत येते आणि तिथून बार्सिलोनाची स्पॅनिश साधी गाडी सुटते. दुसरा रस्ता डोंगरातला, तुलूझहून. त्या सरहद्दीवरच्या स्टेशनाचं नाव लातूर-द-कारोल! तिथे तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकाच स्टेशनात येतात: फ्रान्सचे १४३५ मिलिमीटरचे, स्पेनचे १६६८ चे आणि डोंगरातल्या पिवळ्या गाडीचे मीटरगेज. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६, म्हणजे स्पेनचा रूळ आपल्याला जवळचा. आणि आपल्याही लातूरला एके काळी बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी जायचीच की. या मार्गावर वेळ भरपूर लागतो आणि रुळांचं काम चालू असेल तर काही टप्पा बसनं करावा लागतो. घाईच्या माणसानं इकडे फिरकू नये.

नीसहून इटलीला व्हेंटिमिलियामार्गे, बर्नहून ब्रिग आणि दोमोदोसोलामार्गे, इन्सब्रुकहून ब्रेनरमार्गे, ही त्याच जातीची आणखी तीन दारं.

मार्ग शोधायला रेल प्लॅनर हे पासाचंच ॲप पुरेसं आहे. त्यात ‘आरक्षणसक्ती नसलेल्या गाड्या’ अशी चाळणी आहे, ती लावली की वेगवान गाड्या गळून पडतात आणि पॅसेंजर उरतात. मात्र गाडीत चढण्याआधी ती गाडी ॲपमध्ये त्या दिवसाच्या प्रवासात जोडायलाच हवी, तेव्हाच टीसीला दाखवायचा कोड तयार होतो. मी एकदा पहिल्याच छोट्या स्टेशनावर हे विसरलो, नेटवर्क गेलं आणि टीसी समोर उभा. भला माणूस होता, पुढच्या स्टेशनापर्यंत थांबला. सगळे थांबत नाहीत, आणि दंड पासाच्या दिवसापेक्षा महाग पडू शकतो. रात्रीची गाडी बारापूर्वी सुटली आणि मध्यरात्रीनंतर तुम्ही दुसरी गाडी धरली नाही, तर पासाचा एकच दिवस मोजला जातो. युरेलच्या संकेतस्थळावरून आरक्षण केलं तर दर माणशी दर गाडीला वर आणखी शुल्क लागतं. त्या त्या देशाच्या रेल्वेकडे किंवा स्टेशनावरच्या खिडकीवर ते बहुधा वाचतं.

जर्मनीतच मुक्काम असेल तर पासाआधी डॉइचलांटटिकेटचा विचार करा. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिन्याला ६३ युरो आहे. देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात येतं आणि सरहद्दीपलीकडच्या साल्झबुर्ग नि कुफश्टाइनपर्यंत ते चालतं. फक्त ते वर्गणीसारखं आहे, महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा प्रवास सगळ्यांनाच फुकट आहे, तिथल्या तिथे फिरायला पासाचा दिवस वाया घालवू नका.

व्हिसाचे मोठ्या माणसाला ९० युरो वेगळेच. शेंगेन व्हिसावर लंडन होत नाही, त्याचा व्हिसा निराळा. सरहद्दीवर गाडी थांबली नाही तरी पासपोर्ट जवळ ठेवा. पोलीस डब्यात येऊन बघतात, जर्मनीत तर २०२४ पासून जास्तच.

शेवटी बर्निनाबद्दल, कारण आपल्याकडचा प्रत्येक जण तेच विचारतो. काचेच्या छताच्या बर्निना एक्स्प्रेसला पास असूनही तीस फ्रँकांच्या पुढे-मागे आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून, त्याच २२५३ मीटर उंचीच्या खिंडीतून, ब्रुझिओच्या त्याच गोल पुलावरून सेंट मॉरिट्झ ते तिरानो साधी गाडी जाते. युनेस्कोनं २००८ साली वारसा म्हणून गौरवलेला मार्गही तोच. साध्या गाडीला आरक्षण नाही आणि तिच्या काही खिडक्या खाली ओढता येतात, म्हणजे फोटोत काचेतलं स्वतःचं तोंड येत नाही. तिरानोला उतरलात की इटलीचं स्टेशन शेजारीच आहे. मिलानची साधी गाडी तिथून सुटते, अडीच तास लागतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता, तेवढं मात्र उतरल्या उतरल्या बघून ठेवा.